कुरळे केस सरळ करण्याआधी

रमजान ईद झाली की शव्वालमध्ये निकाहच्या तारखा पक्क्या होऊ लागतात आणि त्याबरोबर पार्लरमध्ये नावेही लागू लागतात. मेंदी आणि फेशियलच्या जोडीला अलीकडे यादीत आणखी एक काम हमखास असते, ते म्हणजे नवरीचे केस सरळ करून घेणे. 'स्मूदनिंग', 'रिबॉन्डिंग', 'केराटिन', 'हेअर बोटॉक्स', 'नॅनोप्लास्टिया' असे फलक आता तालुक्याच्या गावांतही दिसतात. नवरीबरोबर तिच्या बहिणी, मावसबहिणी आणि कधी कधी नववी-दहावीतल्या मुलीही खुर्चीत बसतात. काही हजार रुपये मोजले जातात. त्या बाटलीत काय आहे, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही.

या हौसेमागे नुसती हौस नसते. शाळेत वर्षानुवर्षे पाहते आहे, कुरळ्या केसांच्या मुलीला पाचवी-सहावीतच एखादे टोपणनाव चिकटते. कुणी 'मॅगी' म्हणते, कुणी 'झिपरी'. मग ती मुलगी केसांवर तेल थापते आणि कपाळाची कातडी ताणली जाईल इतकी घट्ट वेणी घालते. घरी दादी म्हणते, "या पोरीचे केस कुणावर गेलेत कोण जाणे!" पुढे स्थळे येऊ लागली की पाहायला आलेल्या बायका ओढणी जरा मागे सारायला सांगतात. इतके सगळे ऐकत मोठी झालेली मुलगी पार्लरच्या दारात उभी राहिली, तर तिला नटवी म्हणून हिणवण्याचा हक्क आपल्याला उरत नाही. तिला खरी माहिती देणे मात्र आपले कर्तव्य आहे.

केस कुरळे का असतात?

केस ज्या मुळातून उगवतो ते मूळ सरळ असले तर केस सरळ येतो, वाकडे असले तर वळणे घेत येतो. सरळ केस आडवा कापून पाहिला तर साधारण गोल दिसतो, कुरळा केस चपटा दिसतो. हे आईवडिलांकडून येते. केसाचा मुख्य घटक केराटिन नावाचे प्रथिन. या प्रथिनाचे धागे गंधकाच्या पक्क्या बंधांनी एकमेकांना जोडलेले असतात आणि केसाचे वळण हे बंध टिकवून ठेवतात. त्यांच्या सोबतीला हायड्रोजनचे कच्चे बंधही असतात. ते पाण्याने सुटतात आणि केस वाळला की पुन्हा जुळतात. म्हणूनच इस्त्री करून सरळ केलेले केस पावसाचे चार थेंब लागले की पुन्हा वळतात.

केस पिंजारण्याचे कारणही इथेच आहे. डोक्याच्या त्वचेतून निघणारे नैसर्गिक तेल सरळ केसावरून टोकापर्यंत सहज पोचते. कुरळ्या केसाच्या वळणांवरून ते खाली उतरत नाही. त्यामुळे मुळाशी चिकटपणा आणि टोकाशी कोरडेपणा अशी स्थिती होते. केसावर कौलांसारखे एकावर एक बसलेले सूक्ष्म पापुद्रे असतात. केस कोरडा झाला की ते उचकटतात, हवेतली वाफ आत शिरते आणि केस फुलतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हा त्रास जास्त होतो तो यामुळेच. मराठवाड्यात अनेक ठिकाणी बोअरचे पाणी जड असते. त्यातले क्षार केसांवर बसतात आणि केस राठ होतात. याचा अर्थ असा की पिंजारलेले केस हा रोग नव्हे. त्या केसांना ओलावा कमी पडतो आहे, एवढेच.

पार्लरमध्ये नेमके काय होते?

रिबॉन्डिंगमध्ये पहिली क्रीम लावतात, तिच्यात बहुधा थायोग्लायकोलेट असते. ते गंधकाचे पक्के बंध तोडते. मग केस धुऊन, वाळवून, तापलेल्या यंत्राने सरळ करतात. शेवटी दुसरी क्रीम लावतात. तिच्यातले हायड्रोजन पेरॉक्साइड ते बंध सरळ अवस्थेत पुन्हा जोडते. स्मूदनिंगची पद्धत साधारण अशीच, फक्त सौम्य. तोडलेले सगळे बंध पुन्हा जुळत नाहीत, म्हणून दर वेळी केस थोडा अशक्त होतो.

हा उपाय कायमचा आहे असे सांगतात, ते अर्धेच खरे. सरळ झालेला केस सरळ राहतो, पण मुळातून येणारा नवा केस कुरळाच असतो. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. सहा महिन्यांत वर सहा-सात सेंटिमीटर कुरळा आणि खाली सरळ असा केस दिसू लागतो. या दोहोंच्या सांध्यावर तो तुटतोही. मग पुन्हा पार्लर, पुन्हा पैसे. पहिल्या वेळचा खर्च सगळे विचारतात, पुढच्या पाच वर्षांचा हिशेब कुणी करत नाही.

एक सूचना मेंदी लावणाऱ्या भगिनींसाठी. शुद्ध पानांची मेंदी सहसा अडचण करत नाही. पण 'काळी मेंदी' म्हणून मिळणाऱ्या काही पुड्यांत धातूंचे क्षार मिसळलेले असतात. त्यावर पेरॉक्साइड पडले तर केस तापून तुटू शकतात. कोणती मेंदी लावली होती हे पार्लरमध्ये आधी सांगावे.

'केराटिन' नावाचा गोड शब्द

केराटिन म्हणजे केसांचेच प्रथिन, मग त्यात अपाय कसला, असे वाटणे साहजिक आहे. पण केस सरळ करण्याचे काम प्रथिन करत नाही. ते काम अनेक उत्पादनांत फॉर्माल्डिहाइड किंवा गरम केल्यावर ते सोडणारी द्रव्ये करतात. मृतदेह आणि प्राण्यांचे नमुने टिकवण्यासाठी वापरतात ते फॉर्मलीन म्हणजे याच वायूचे पाण्यातले द्रावण. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात टाकले. बाटलीवर 'फॉर्माल्डिहाइड-मुक्त' असे छापलेले असले तरी मिथिलीन ग्लायकॉल हे नाव असेल, तर गरम यंत्र फिरताच तोच वायू बाहेर पडतो.

यावर पर्याय म्हणून आता ग्लायऑक्सिलिक अ‍ॅसिड असलेली उत्पादने आली आहेत. 'नॅनोप्लास्टिया'च्या अनेक बाटल्यांत तेच असते. २०२४ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात फ्रान्समधल्या डॉक्टरांनी एका २६ वर्षांच्या तरुणीची हकीकत प्रसिद्ध केली. तिने तीन वेळा केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. उलट्या, ताप, पाठदुखी अशी लक्षणे होती आणि क्रीम लावताना डोक्याची आगही झाली होती. त्या क्रीममध्ये ग्लायऑक्सिलिक अ‍ॅसिड होते. डॉक्टरांनी उंदरांवर तीच क्रीम लावून पाहिली, तेव्हा त्यांच्या मूत्रपिंडांत ऑक्झलेटचे स्फटिक आढळले. त्या तरुणीची मूत्रपिंडे सावरली, पण डोक्याला लावलेली वस्तू त्वचेतून शरीरात जाते, हे यातून लक्षात घ्यावे.

अमेरिकेत ३३ हजारांहून अधिक स्त्रियांची जवळपास अकरा वर्षे पाहणी झाली. तिचा निष्कर्ष २०२२ मध्ये आला. केस सरळ करणारी रसायने वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण, ती कधीच न वापरणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक होते. सत्तराव्या वर्षापर्यंत हा रोग होण्याची शक्यता न वापरणाऱ्यांत शंभरात दीडच्या आसपास, तर वारंवार वापरणाऱ्यांत चारच्या आसपास निघाली. एवढ्यावरून रसायनामुळेच कर्करोग झाला असे सिद्ध होत नाही आणि एकदा केस सरळ केलेल्या मुलीने घाबरून जाण्याचेही कारण नाही. पण दर काही महिन्यांनी 'टचअप' करणाऱ्यांनी थांबून विचार करावा, इतके हे आकडे नक्कीच सांगतात.

यात एक व्यक्ती कायम विसरली जाते. नवरी वर्षातून एकदा खुर्चीत बसते, पण क्रीम लावणारी मुलगी दिवसभर तो धूर श्वासात घेते. आपल्या वस्त्यांत अनेक भगिनी घरातल्याच एका खोलीत पार्लर चालवतात. परदा राहावा म्हणून खिडक्या बंद, एसी चालू आणि शेजारी तान्हे बाळ झोपलेले, हे चित्र सर्रास दिसते. परदा हवाच, पण जाळीचा पडदा लावून खिडकी उघडी ठेवता येते. धूर बाहेर फेकणारा पंखाही बसवता येतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी हे काम करूही नये आणि करवूनही घेऊ नये.

दीन काय सांगतो?

केसांची निगा राखणे इस्लामला नापसंत आहे, असा कुणाचा समज असेल तर तो चुकीचा आहे. ज्याला केस आहेत त्याने त्यांचा मान राखावा, या आशयाची हदीस अबू दाऊदमध्ये आहे. पैगंबर मुहम्मद (स.) यांचे केस हजरत अनस (रजि.) यांच्या वर्णनानुसार अगदी कुरळेही नव्हते आणि अगदी सरळही नव्हते. मेराजच्या एका रिवायतीत हजरत मूसा (अ.) कुरळ्या केसांचे आणि हजरत ईसा (अ.) सरळ केसांचे होते, असे वर्णन येते. दोघेही अल्लाहचे लाडके पैगंबर. आपल्या मुलींना टोपणनावे ठेवणाऱ्यांना हे एकदा समजावून सांगायला हवे.

केस सरळ करणे जायज आहे का, हा प्रश्न वारंवार येतो. बरेच आलिम अटी घालून परवानगी देतात: शरीराला अपाय होता कामा नये, वापरलेली वस्तू नापाक असू नये, कुणाची फसवणूक होऊ नये आणि गैरमहरमपुढे प्रदर्शन होऊ नये. काहींचे मत याहून कडक आहे. आपल्या मसलकच्या आलिमांना विचारून घ्यावे. केसांना दुसऱ्या माणसाचे केस जोडण्याची मनाई मात्र स्पष्ट आहे. बुखारी व मुस्लिममध्ये एका अन्सारी मुलीचा प्रसंग येतो. तिचे लग्न ठरले, आजारपणात केस गळाले आणि घरच्यांनी केस जोडण्याची परवानगी विचारली. नव्या नवरीसाठीही ती परवानगी मिळाली नाही.

आता सर्वांत व्यावहारिक मुद्दा, ज्याकडे घाईत दुर्लक्ष होते. रिबॉन्डिंगनंतर पार्लरवाले सांगतात, "तीन दिवस डोक्याला पाणी लावू नका, केस बांधू नका." मग नमाजचे काय?

वुजूची अडचण मोठी नाही. मसहसाठी ओला हात पुरतो. हनफी मसलकनुसार डोक्याच्या चौथ्या भागाचा मसह फर्ज आहे. कोकणातले आपले बहुसंख्य लोक शाफई आहेत, त्यांच्याकडे डोक्याच्या थोड्याशा भागाचा मसहही पुरेसा होतो. ओल्या हाताचा हलका स्पर्श केसांचे काही बिघडवत नाही.

गुस्ल फर्ज झाले तर मात्र सवलत नाही. हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी घट्ट वेणीबद्दल विचारले, तेव्हा पैगंबर (स.) यांनी वेणी सोडण्याची सक्ती केली नाही, डोक्यावर तीन ओंजळी पाणी घालणे पुरेसे ठरवले. पण पाणी मुळापर्यंत पोचलेच पाहिजे. हनफींमध्ये मुळे भिजत असतील तर बाईला वेणी सोडावी लागत नाही, मोकळे केस मात्र पूर्ण भिजावे लागतात. शाफईंमध्ये वेणीच्या आत पाणी पोचत नसेल तर ती सोडावी लागते. तयम्मुमची सवलत पाणी नसेल किंवा पाण्याने शरीराला अपाय होत असेल तेव्हाची आहे. पार्लरला दिलेले पैसे वाया जातील, हा काही उज्र नव्हे. म्हणून जिला हे करायचेच आहे तिने हैजचे दिवस कधी संपतात ते पाहून तारीख ठरवावी आणि रुख्सतीच्या किमान दोन-तीन आठवडे आधी हे काम उरकावे. निकाहच्या दोन दिवस आधी केस सरळ करून घ्यायचे आणि पहिल्याच सकाळी गुस्लसाठी घाबरायचे, अशी पाळी नव्या नवरीवर येऊ नये. इतकी साधी गोष्ट तिला अम्मीने किंवा खालाने वेळेवर सांगायला हवी.

घरातली इस्त्री नको

पार्लर परवडत नाही म्हणून काही मुली घरातल्या कपड्यांच्या इस्त्रीखाली केस ठेवतात. सुती कपड्यांसाठी तापवलेली इस्त्री २०० अंशांच्या आसपास जाते. त्यात केस जळतात आणि कान-मान भाजते. सणासुदीला एखाद्या वेळी केस सरळ करायचेच असतील तर तापमान कमी-जास्त करता येणारा स्ट्रेटनर वापरावा. तापमान १८० अंशांच्या खालीच ठेवावे, उष्णतेपासून वाचवणारे सीरम आधी लावावे आणि एका बटेवरून यंत्र एकदा, फार तर दोनदा फिरवावे. केस पूर्ण कोरडे हवेत. ओल्या केसावर यंत्र ठेवले तर आतले पाणी उकळून वाफेचे बुडबुडे होतात आणि केस तिथेच तुटतो. 'चर्र' असा आवाज हीच त्याची खूण.

कुरळ्या केसांची घरची निगा

कुरळे केस नीट सांभाळले तर ते पिंजारत नाहीत, त्यांची वळणे सुरेख बसतात. त्यासाठी खर्च फार नाही, सवयी मात्र बदलाव्या लागतात.

*तेल:* धुण्याआधी तास-दोन तास खोबरेल तेल लावावे, टोकांना जास्त आणि मुळांना कमी. खोबरेल तेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, असे मुंबईतल्या संशोधकांनी २००३ साली दाखवून दिले. सूर्यफूल आणि खनिज तेलात हा गुण आढळला नाही. कोंडा असेल तर तेल रात्रभर ठेवू नये.

*धुणे:* आठवड्यातून एक-दोनदा पुरे. अंगाचा साबण केसांना लावू नये, तो अल्कधर्मी असतो आणि त्याने पापुद्रे उचकटतात. खाण्याच्या सोड्याचे 'घरगुती उपाय' याच कारणाने टाळावेत. सौम्य शाम्पू फक्त डोक्याच्या त्वचेला लावावा, फेस आपोआप टोकांवरून जातो. त्यानंतर कंडिशनर मात्र टोकांना हवाच. पाणी जड असेल तर शेवटचा तांब्या साठवलेल्या पावसाच्या किंवा फिल्टरच्या पाण्याचा घ्यावा.

*विंचरणे:* सर्वांत मोठी चूक इथे होते. कुरळे केस कोरडे असताना विंचरले की ते फुलणारच. कंडिशनर लावलेल्या ओल्या केसांत आधी बोटे आणि मग मोठ्या दातांचा कंगवा फिरवावा. सुरुवात टोकांपासून करून हळूहळू वर जावे. मुलीचा गुंता सोडवताना मुळापासून ओढले की ती रडते आणि केसही तुटतात.

*पुसणे आणि वळण बसवणे:* खरखरीत टॉवेलने चोळू नये. जुन्या सुती बनियनने किंवा ओढणीने केस टिपून घ्यावेत. केस ओले असतानाच जवसाचा जेल लावावा. दोन कप पाण्यात पाव कप जवस दहा मिनिटे उकळून, गरम असतानाच गाळला की अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा चिकट जेल मिळतो. फ्रीजमध्ये तो आठवडाभर टिकतो. केस मुठीत धरून खालून वर हलके दाबावेत आणि वाळेपर्यंत हात लावू नये. मात्र जेलचा जाड थर साचला असेल तर गुस्लच्या आधी तो धुऊन काढावा.

*ओढणी, बुरखा आणि ओले केस:* ही आपली खास अडचण आहे. सकाळी घाईत ओले केस बांधून वर स्कार्फ घट्ट गुंडाळला की त्वचा दिवसभर दमट राहते, वास येतो आणि कोंडा वाढतो. त्यामुळे शक्यतो रात्री केस धुवावेत. स्कार्फच्या आत पातळ सुती टोपी घालावी. अंबाडा रोज एकाच जागी घट्ट बांधू नये, त्याने कपाळावरचे केस मागे हटत जातात. घरी आल्यावर केस मोकळे सोडून त्यांना हवा लागू द्यावी. रात्री सॅटिनची उशी-खोळ किंवा जुनी रेशमी ओढणी वापरली तर घर्षण कमी होते.

*आहार:* केस मूठभर गळत असतील तर तेले बदलत बसण्याऐवजी हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घ्यावे. आपल्याकडच्या अनेक मुलींना रक्तक्षय असतो आणि तो कोणतीही क्रीम बरा करत नाही. डाळी, अंडी, मासे, पालेभाज्या, खजूर रोजच्या ताटात असू द्यावेत.

तरीही करायचेच असेल तर

निर्णय सज्ञान मुलीने स्वतः घ्यावा, कुणाच्या टोमण्यामुळे नव्हे. शाळकरी वयात हे करूच नये. बाटली हातात घेऊन घटक वाचावेत. फॉर्माल्डिहाइड, फॉर्मलीन, मिथिलीन ग्लायकॉल, ग्लायऑक्सिलिक अ‍ॅसिड यांपैकी काही दिसले किंवा बाटलीवर घटकच छापलेले नसले, तर उठून यावे. कानामागे थोडी क्रीम लावून दोन दिवस वाट पाहावी. डोक्यावर जखम किंवा खाज असेल तर ते काम पुढे ढकलावे. क्रीम लावल्यावर डोळे चुरचुरले किंवा डोके भाजू लागले तर 'थोडे सहन करा' असे कुणी म्हटले तरी ऐकू नये, लगेच धुवायला लावावे. नंतर उलट्या, पाठदुखी किंवा लघवी कमी होणे असे काही झाले तर डॉक्टरांकडे जाऊन केसांना काय लावले होते तेही सांगावे.

आणि स्थळ पाहायला जाणाऱ्या माताभगिनींना एक विनंती. मुलीची ओढणी मागे सारून केस पाहण्याआधी, आपल्या घरातल्या मुलीचे केस असे कुणी पाहिले तर कसे वाटेल, याचा विचार करावा. सून म्हणून जी घरी येणार आहे तिच्या नव्या केसांची मुळे सहा महिन्यांत पुन्हा कुरळीच दिसणार आहेत. तिला तशीच पसंत करावी, म्हणजे तिला कुणापासून काही लपवावे लागणार नाही आणि दर सहा महिन्यांनी त्या धुरात बसावेही लागणार नाही.